कवळी येईपर्यंतच्या नूडल्स

माझ्या सासऱ्यांचे उरलेसुरले दात काढायचं ठरलं तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे जरा आडबाजूला आमचं गाव आहे. तिथे द्राक्षाची बाग आहे, ती थोरले दीर आणि जाऊबाई बघतात, आणि दादा त्या दोघांना बघतात. दातांचं दुखणं त्यांनी लवंगेवर आणि मिश्रीवर कितीतरी दिवस काढलं. शेवटी एक गाल इतका सुजला की डोळा झाकायला लागला. मग दिरांनी त्यांना गाडीत घातलं आणि नाशिकला आमच्याकडे आणून सोडलं.

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासून सांगितलं, "सगळेच काढावे लागतील, आजोबा. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू. दोन-अडीच महिने धरा."

"खुड्याच्या आत होईल का?" दादांनी विचारलं.

बाईंना वाटलं खुडा हा कसला तरी सण असावा. बागेतला तयार माल उतरवतात तो खुडा, हे मी सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "होईल. नवीन दातांनी पहिला घड खा."

माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात आहेत. त्यांना दिवसाची रजा मिळणं कठीण. मुलं शिक्षणासाठी बाहेरगावी आहेत. मी सकाळच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि दुपारी मोकळी असते. त्यामुळे दादांना दवाखान्यात नेणं-आणणं आपोआप माझ्याकडे आलं.

इथे आमच्या दोघांबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण दादा आणि मी एकमेकांशी बोललो असू ते फारच थोडं. त्यात भांडण नव्हतं, राग नव्हता. रीतच तशी होती. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेत असे आणि काही सांगायचं असेल तर स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंना सांगत असे. त्या ते दादांना सांगत. दादा तिथेच बसलेले असत, त्यांनी ते ऐकलेलं असे, तरी सासूबाई पुन्हा सांगत. पुढे पदर गेला, साडीच्या जागी ड्रेस आला, पण बोलण्याची सवय काही आली नाही. सासूबाई गेल्यावर तर मधला दुवाच गेला. फोनवर यजमान बोलून झाले की मी एवढंच विचारायची, "दादा, तब्येत?" ते म्हणायचे, "बरी हाय. पोरं बरी हायेत ना?" की झालं.

आता मला त्यांना स्कूटरवर मागे बसवून इंदिरानगरहून गंगापूर रोडला न्यायचं होतं. पहिल्या दिवशी ते बराच वेळ स्कूटरकडे बघत उभे राहिले. मग बसले, आणि हातातली कापडी पिशवी आमच्या दोघांच्या मधे ठेवली. पिशवीत एक टॉवेल आणि पाण्याची बाटली होती. वाटेत एकदाच म्हणाले, "हळू घे, घाई नाय." मी हळूच चालवत होते.

दात टप्प्याटप्प्याने निघाले. खरी पंचाईत झाली जेवणाची. आयुष्यभर काळ्या मसाल्याच्या रश्शात बाजरीची भाकरी चुरून खाल्लेल्या माणसापुढे मी मऊ भात, मुगाची खिचडी, पेज आणि दुधात कुस्करलेली पोळी ठेवत होते. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला तिखट बंद सांगितलं होतं. हिरड्या बऱ्या झाल्यावर तिखट चालेल म्हणाल्या, पण तोवर दादांची जेवणावरची इच्छाच उडाली होती. ताटावर बसायचे, चार घास भात गिळायचे आणि हात धुवायचे.

एकदा मी पुन्हा खिचडी वाढली तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, खिचडी चांगली झाली." मग थोडं थांबून, "पण आता नको."

त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरायला लागली होती. मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "दात आले की खातील." मला काळजी वाटत होती. आपल्या घरात पाहुणा उपाशी राहतोय असं काहीसं वाटत होतं, आणि ते पाहुणेही नव्हते.

डिसेंबरातला दिवस होता, नाशिकची थंडी चांगली पडली होती. दवाखान्यात गर्दी होती, आमचा नंबर लागेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. तपासून झाल्यावर जिना उतरताना दादांनी भिंतीला हात लावला आणि तिथेच उभे राहिले.

"काय झालं?"

"काय नाय. डोळ्यापुढं जरा पिवळं झालं."

सकाळी त्यांनी फक्त चहा घेतला होता. जिन्याच्या पायथ्यालाच एक काचेचं दार होतं. आत लाकडी टेबलं दिसत होती, गरम वाफेचा वास येत होता. इतक्या वेळा आम्ही त्या दारावरून गेलो होतो, पण आत काय आहे हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी त्यांचा दंड धरला आणि आत नेऊन बसवलं.

लहानशी जागा होती ती. पाच-सहा टेबलं, बसायला स्टुलं, एका भिंतीवर कुणीतरी मोठा मासा रंगवलेला. माशाचा डोळा फार छान जमला होता, शेपूट मात्र घाईत उरकली होती. दोन टेबलांवर कॉलेजची मुलं-मुली मोठाल्या वाडग्यांवर वाकून खात होती.

पाणी प्यायल्यावर दादांना बरं वाटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे कसलं हॉटेल?"

"नूडल्सचं आहे, दादा."

"ते पोरांचं, पाकिटातलं?"

"तसलंच, पण रश्शातलं."

"मला नाय जमायचं ते."

एक तिशीची बाई पुढ्यात येऊन उभी राहिली. केस वर बांधलेले, कमरेला काळा ॲप्रन. दुकान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं होतं, हे नंतर कळलं. ती मूळची दार्जिलिंगच्या बाजूची, तो नाशिकरोडचा. पुण्याच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात दोघं बरोबर कामाला होती, तिथेच जमलं, आणि मग इथे येऊन त्यांनी हे दुकान टाकलं. ती मराठी बोलायची, हिंदीच्या अंगाने, पण न अडखळता. मी तिला म्हटलं, काहीतरी मऊ आणि गरम द्या, तिखट वेगळं द्या. तिने दादांच्या आत गेलेल्या गालांकडे पाहिलं. "बाबांचे दात काढले?" मी मान हलवली. "वरच्या डॉक्टरांकडे ना? मग मी नूडल्स जास्त शिजवते."

दोन वाडगे आले. आल्या-लसणाचा पातळ रस्सा, त्यात कांद्याची पात, मऊ मशरूम, सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचे पांढरे चौकोन, आणि तळाशी नूडल्स. शेजारी लाकडी काड्या आणि खोलगट चमचा. दादांनी काड्या उचलून पाहिल्या आणि पुन्हा जागेवर ठेवल्या. तेवढ्यात बाई आतून स्वच्छ कात्री घेऊन आली आणि टेबलाशीच उभी राहून त्यांच्या वाडग्यातल्या नूडल्स कापायला लागली.

दादा त्या कात्रीकडे बघत होते. "छाटणी चालली म्हणायची," ते म्हणाले.

बाईला ते समजलं नाही, पण दादांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गमतीचं आहे एवढं कळलं आणि ती हसली. मीही हसले. दादांनी केलेल्या विनोदाला त्यांच्यासमोर हसण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी.

त्यांनी एक चमचा रस्सा घेतला. तोंडात घोळवला. दुसरा घेतला. "मीठ नीट हाय," असं म्हणून त्यांनी तिखट मागितलं. तेलात परतलेल्या लाल मिरचीची वाटी आली. मी 'जरा बेतानं' म्हणायच्या आत त्यांनी त्यातला दीड चमचा वाडग्यात टाकून ढवळला होता. मग चमचा बाजूला ठेवला, वाडगा दोन्ही हातांनी उचलला, आणि भुरका मारला.

मारल्यावर ते थबकले. आवाज मोठा झाला होता. त्यांनी चोरट्यासारखं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे चष्मा लावलेली एक मुलगी त्यांच्याहून मोठा भुरका मारत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. दादांनी पुन्हा वाडगा तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तसेच खात राहिले. टोपीशिवायचे दादा मी क्वचितच पाहिले होते. कपाळाचा वरचा भाग खालच्यापेक्षा कितीतरी गोरा होता.

"तू पण खा," ते म्हणाले. "गार होतंय तुझं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघं समोरासमोर बसून कधी जेवलोच नव्हतो. गावी पुरुषांची पंगत आधी, आमची नंतर. नाशिकला आले तरी ते आणि माझे यजमान आधी जेवत, मी वाढत असे. 'तू जेव' असं मला म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मी खायला सुरुवात केली. मला काड्यांनी खाता येत नाही, मी काट्याने खाल्लं. त्यांचा वाडगा तळापर्यंत रिकामा झाला.

संध्याकाळी यजमान घरी आल्यावर मी सांगितलं. ते टीव्हीसमोर बसलेल्या दादांकडे वळले. "तुम्ही नूडल्स खाल्ल्या?"

"रस्सा होता," दादा म्हणाले. "त्यात शेवया होत्या." आणि पुन्हा बातम्या बघायला लागले.

पुढच्या तपासणीच्या दिवशी जिना उतरल्यावर ते त्या काचेच्या दाराशी आपणहून थांबले. नंतर तो रिवाजच झाला. कोंबडीच्या रश्शातल्या नूडल्स मिळतात हे कळल्यावर सोमवार सोडून ते त्याच घ्यायचे. मांस इतकं शिजलेलं असायचं की जिभेनेच सुटायचं. बाई न सांगता कात्री आणायची. एकदा दुपारी मी शाळेतून आले, तर दादा टोपी घालून, पिशवी घेऊन हॉलमधे बसले होते.

"दादा, आज डॉक्टरांकडे नाही जायचं."

"ठाऊक हाय."

"मग?"

त्यांनी पिशवी हातात घेतली आणि उठून उभे राहिले. मी चप्पल तशीच पायात ठेवली आणि स्कूटरची किल्ली पुन्हा हातात घेतली.

वाडगे येईपर्यंत वेळ जायचा, आणि त्या वेळात काहीतरी बोलावंच लागायचं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तू शाळेत नेमकं शिकवती काय?" मी सांगितलं, चित्रकला. "ते माहीत हाय. पण शिकवती कसं? हात धरून?" मग मी सांगितलं, की पाचवीतल्या मुलांना मी आधी घरातला एखादा माणूस पाठमोरा काढायला लावते, कारण चेहऱ्याला मुलं घाबरतात. पाठीवरून माणूस ओळखता आला पाहिजे. दादांनी यावर बराच विचार केला. म्हणाले, "बरोबर हाय. शेतात लांबून माणूस पाठीवरनंच ओळखतो आपण."

एकदा त्यांनी माझ्या माहेरचा विषय काढला. माझं माहेर सटाण्याकडचं, घरी अहिराणी. लग्नानंतर ती भाषा माझ्या तोंडातून हळूहळू गेली. इकडे कुणी मुद्दाम हसायचं नाही, पण पटकन समजायचंही नाही.

"लग्नात तुझी आजी माझ्याशी बोलली होती," दादा म्हणाले. "मला त्यातलं निम्मं कळलं. जेवण कसं झालं विचारलं, तर म्हणाली, 'बठ्ठं बरं शे'. सगळं बरं हाय, एवढं कळलं, तेवढं मी ध्यानात ठेवलं."

पंचवीस वर्षांपूर्वीचं आजीचं वाक्य त्यांच्या बोळक्या तोंडातून ऐकून मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी खाली वाडग्यात बघत राहिले. त्यांनी आपली तिखटाची वाटी माझ्याकडे सरकवली.

गावी ही बातमी पोचली होतीच. जाऊबाईंचा फोन आला. "काय हो, दादांना चायनीजची सवय लावली म्हणे तुम्ही?"

"सूप आहे हो ते, ताई."

"इथं कधी हॉटेलात पाय ठेवायचे नाहीत. चहासुद्धा घरचाच. आता इथे आल्यावर आम्ही काय करायचं?" त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा कुतूहल जास्त होतं. मी म्हटलं, "याच तुम्ही एकदा." त्या म्हणाल्या, "खुडा होऊ द्या."

जानेवारीतल्या एका शनिवारची गोष्ट. आम्ही गेलो तर दुकानात अंधार. दुरुस्तीच्या कामासाठी त्या भागातली वीज गेली होती आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. खायला आलेलं कुणी नव्हतं. बाई आतल्या ओट्याशी उभी होती. समोर मळलेल्या पिठाचे गोळे, आणि विजेवर चालणारं नूडल्सचं यंत्र बंद.

"आज उशीर होईल," ती म्हणाली. "हाताने फिरवायचा दांडा आहे, पण एकटीला होत नाही. एकाने पीठ सोडायचं, एकाने फिरवायचं. हे बाजारात गेलेत."

मी म्हटलं, "मी फिरवते की."

मी ओढणी खोचून दांड्याला हात घातला. दोन फेऱ्यांत दंड भरून आले. पीठ चांगलंच घट्ट होतं. तेवढ्यात मागून दादांचा आवाज आला, "सर बाजूला."

त्यांनी पिशवी स्टुलावर ठेवली, टोपी पिशवीवर ठेवली, बाह्या वर केल्या, मोरीत हात धुतले आणि दांडा धरला. बाई 'बाबा, राहू द्या, राहू द्या' म्हणत होती. दादा म्हणाले, "तू पीठ सोड. तुटू देऊ नको." मला म्हणाले, "तू खाली हात धर. ओढायचं नाय, नुसतं झेलायचं."

ते फिरवायला लागले. एका लयीत, घाई नाही, थांबणं नाही. खांद्यातून नाही तर कमरेतून जोर लावत होते. यंत्रातून एकसारख्या लांब नूडल्स खाली यायला लागल्या आणि मी त्या पिठाच्या हातांवर झेलून परातीत ठेवत गेले. बाई बघतच राहिली.

"तुम्हाला हे कसं येतं, दादा?" मी विचारलं.

एक गोळा संपला, दुसरा लावला.

"तुझ्या सासूला दमा होता," ते फिरवता फिरवता म्हणाले. "उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया एकमेकींकडं शेवया करायला जायच्या. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. हिला दांडा फिरवायचा म्हटलं की धाप लागायची. मग बाया म्हणायच्या, तू बस, आम्ही करतो. तिला ते लागायचं. एक दिवस मी म्हटलं, आपल्या आपण करू. भर दुपारी, दाराला आतून कडी लावून. बाजेला मशीन कसायचं, ती पीठ सोडायची, मी फिरवायचो."

"कडी कशाला?"

"मग काय उघड्यावर बसू? भावकीनं बघितलं असतं तर जन्मभर शेवया म्हणूनच हाक मारली असती मला."

बाईलाही हे समजलं आणि ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हाताचं पीठ तिच्या नाकाला लागलं.

"कुणी बघितलं नाही कधी?" मी विचारलं.

"आमच्या बाबांनी बघितलं. परगावाहून लवकर आले आणि मागच्या दारानं घुसले. मागचं दार लावायचं राहिलं होतं. मी असा घामानं थबथबलेला, मिशीला पीठ. बाबा माणूस कडक. एक शब्द बोलले नाय. तसेच मागं फिरले. मला वाटलं, आता काय खरं नाय." दादांनी दांडा थांबवला, श्वास घेतला. "दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन काढलं, तर दांड्याला तेल घातलेलं. हलकं फिरत होतं."

मी हातातल्या नूडल्स परातीत ठेवल्या. दरवर्षी उन्हाळ्यात सासूबाई मला शेवयांचा एक मोठा डबा देत. मी त्यांना म्हणायची, "आई, किती कष्ट करता." त्या नुसत्या हसायच्या आणि म्हणायच्या, "होतं गं." मला वाटायचं, शेजारच्या बाया मदतीला येत असतील.

"माझ्या लग्नानंतरच्या शेवयाही तुम्हीच?"

"बऱ्याच," दादा म्हणाले. "पुढं गिरणीत विजेचं यंत्र आलं, तेव्हा थांबलो. ती म्हणायची, गिरणीतल्या जाड होतात."

"आणि ते मशीन?"

"भंगारात दिलं."

तिसरा गोळा संपेपर्यंत बाईचा नवरा पिशव्या घेऊन आला. आत धोतर नेसलेले म्हातारे गृहस्थ त्याच्या यंत्राचा दांडा फिरवतायत हे बघून तो दारातच उभा राहिला. बायकोने त्याला काहीतरी भराभर सांगितलं. तो वाकून दादांच्या पाया पडला आणि दांडा आपल्या हातात घेतला. गॅस चालूच होता, त्यामुळे त्या दुपारी आम्ही आमच्याच हातच्या नूडल्स खाल्ल्या. दादांनी एक भुरका मारून मत दिलं, "जरा जाड झाल्या." मग माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कवळी आली. पहिले काही दिवस तिने सगळ्यांना छळलं. दादा 'स' म्हणायला गेले की शीळ वाजायची. घास दाताखाली यायच्याऐवजी दातच घासाबरोबर हलायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की खाताना कवळी लावूनच खायचं, म्हणजे सवय होईल. खाली दुकानात आल्याबरोबर दादांनी पाठ फिरवली, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"दादा, डॉक्टरीणबाई रागावतील."

"त्या वर हायेत," ते म्हणाले. "आपण खाली हाय."

पण हळूहळू जमलं. आधी दुकानातल्या बाईने कात्री आणणं थांबवलं, मग नूडल्स जास्त शिजवणं थांबवलं. एका संध्याकाळी घरी मी बाजरीची भाकरी केली आणि ती त्यांनी काळ्या रश्शात चुरून खाल्ली. एक संपली तेव्हा ताट पुढे केलं, मी दुसरी वाढली. यजमान माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ते जेवून उठल्यावर मी जेवायला बसणार, तर दादा म्हणाले, "तिघांची पानं एकदम घेत जा की. तिकडं तर घेतोच." यजमानांना 'तिकडं' म्हणजे कुठे ते कळायला क्षणभर वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून मी तीन पानं एकदम घ्यायला लागले.

बागेतला माल तयार झाल्याचा दिरांचा निरोप आला आणि दादांची चुळबुळ सुरू झाली. दिरांना गाडी घेऊन यायला सवड नव्हती. दादा म्हणाले, "एस्टीनं जातो. मला काय झालंय?" मी त्यांना द्वारका चौकातल्या बसथांब्यावर सोडायला गेले. तिथे नेहमीसारखे ट्रक, टेम्पो, रिक्षा एकमेकांवर भोंगे वाजवत होते. निरोप घ्यायला ती जागा बरी नव्हती. पिंपळगावची बस आली. दादांनी पायरीवर पाय ठेवला, मागे वळून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, बठ्ठं बरं शे," ते मोठ्याने म्हणाले. 'शे' म्हणताना शीळ वाजली नाही. कंडक्टरने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

खुडा जोरात चालला. दिरांचे टेम्पो शीतगृहाकडे जात राहिले, फोनवर सगळे घाईत बोलत राहिले. माझ्याही परीक्षा आल्या. मार्चमधे एका दुपारी शाळेतून परतताना मला भूक लागली आणि मी एकटीच त्या दुकानात गेले. एकटीने हॉटेलात बसून खायची मला सवय नव्हती, पण तिथे काही वाटलं नाही.

बाईने वाडगा आणून ठेवला आणि म्हणाली, "बाबा आले होते परवा. तुम्ही का नाही आलात?"

"कोण बाबा?"

"आपले बाबा. दोन मित्रांना घेऊन. तिघांच्याही डोक्यावर टोप्या."

मला आधी पटेना. मग तिने सगळं सांगितलं. दादांनी मित्रांना त्या माशाच्या भिंतीजवळ बसवलं होतं. त्यांच्यासाठी मागवलं दादांनीच, एकाला कोंबडीचं, दुसरा माळकरी, त्याला भाज्यांचं. काड्या त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवायला लावल्या. मित्र संकोचून चमच्याने खात होते, तेव्हा दादांनी त्यांना वाडगा उचलून दाखवला. "तिघांनी असा आवाज केला," बाई म्हणाली, "की कॉलेजची मुलं बघत राहिली. मग त्यांनी मित्रांना आत आणून यंत्र दाखवलं."

मला थोडं लागलं, हे खोटं कशाला बोलू. नाशिकला येऊन गेले आणि घरी आले नाहीत, मला कळवलंही नाही. पण वाडगा संपवेपर्यंत ते निघून गेलं. आयुष्यभर कुणीतरी वाढलेलंच खाल्लेला तो माणूस मित्रांना शहरात घेऊन आला होता, स्वतः पाहुणचार करत होता. ते चित्र मला आवडायला लागलं होतं. तिघं पाठमोरे, तीन टोप्या, आणि मधल्याची पाठ मला कुठूनही ओळखू आली असती.

रविवारी फोन आला. यजमान बोलून झाले आणि दादा म्हणाले, "तिला दे." हे नवीन होतं. यजमानांनी भुवया उंचावत फोन माझ्या हातात दिला.

दादांनी बागेचं सांगितलं, कोणता प्लॉट उतरवून झाला, कोणता राहिला. जाऊबाईंची कंबर धरली होती, ते सांगितलं. मी शाळेचं सांगितलं. मग विचारलं, "इतक्यात नाशिकला येणं झालं का, दादा?"

"आलो होतो. कवळी जरा टोचत होती, घासून घेतली."

"जेवलात कुठे?"

"खाल्लं कुठंतरी," ते म्हणाले. पलीकडे कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "बुधवारी परत येतोय. तुझी शाळा कधी सुटती?"

"एक वाजता."

"मग ये तिकडं. तुझ्या जाऊबाईला पण आणतो. तिला बघायचंय म्हणती."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

"बुधवारी दादा येतायत?" यजमानांनी विचारलं. "कशाला?"

"काम आहे त्यांचं," मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली.